धुरा, पांदण, हातउसने: तालुक्याच्या कोर्टाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होतो. समन्स बजावणं, नोटिसा डकवणं, कोर्टाचा हुकूम असला की जप्ती करणं, हेच काम. यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या पांदणी मी इतक्या तुडवल्या की काही गावांत पटवाऱ्यापेक्षा मला कुत्री जास्त ओळखत. निवृत्त झालो तरी बसस्टँडवरच्या टपरीवर कोणी ना कोणी घडी घातलेला कागद काढून पुढे धरतंच. प्रश्न तेच ते, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी वकील नाही. ज्याच्या प्रकरणात आडवळणं जास्त, त्यानं कागद वकिलालाच दाखवावेत.

माझं भांडण पोलिसातलं की कोर्टातलं, कसं ओळखायचं?

शेजाऱ्यानं डोकं फोडलं तर पोलिसात जा. धुरा (दोन वावरांमधला बांध) कोरला, उसने पैसे बुडवले, न्हाणीचं पाणी तुमच्या अंगणात सोडलं, तर मामला दिवाणी. ठाण्यात गेलात तर अदखलपात्र नोंद करून "कोर्टात जा" म्हणतील. त्यात त्यांचं चुकत नाही. त्या नोंदीची प्रत मात्र घेऊन ठेवा. अमुक दिवशी भांडण झालं होतं, हे दाखवायला पुढे ती उपयोगी पडते.

सरळ कोर्टात दावा टाकला तर काय बिघडतं?

दार चुकतं, आणि वर्षं जातात. वावराच्या भांडणाला तीन दारं आहेत. हद्द कुठे आहे हे भूमी अभिलेख कार्यालय मोजून सांगतं. वावरात जायची वाट किंवा पाण्याची वाट अडवली, फेरफार (सातबाऱ्यावरच्या नोंदीतला बदल) चुकीचा झाला, हे तहसील बघतं. मालकी कोणाची, ताबा कोणाचा, कोणाला मनाई करायची, कोणाचा हिस्सा किती, पैसे कोणी कोणाला द्यायचे, हे दिवाणी कोर्ट ठरवतं. लोक रागाच्या भरात वकिलाकडे जातात आणि मोजणी न करताच अतिक्रमणाचा दावा टाकतात. मग तीन-चार वर्षांनी कोर्टच भूमी अभिलेखच्या मोजणीदाराला कोर्ट कमिशनर म्हणून नेमतं. ज्याला पहिल्याच आठवड्यात अर्ज करून बोलावता आलं असतं, तो माणूस चार वर्षांनी येतो.

शेजाऱ्यानं धुरा कोरला. आता?

आधी मोजणीचा अर्ज. फी भरा, नोटीस शेजाऱ्याला जाते, मोजणीदार येतो, हद्दीच्या खुणा दाखवतो आणि नंतर नकाशाची "क प्रत" मिळते. तिच्यात अतिक्रमण दिसलं तर तिच्यावरच पुढचा दावा उभा राहतो. शेजाऱ्याला मोजणी मान्य नसेल तर तो निमताना मोजणी मागू शकतो, म्हणजे वरचा अधिकारी येऊन पुन्हा मोजतो.

एक मोजणी मी समोर उभं राहून बघितली. दोघे चुलतभाऊ, मधे धुरा, आणि भांडण पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) दोन तासांएवढ्या, म्हणजे दोन ओळींएवढ्या, पट्टीचं. अर्जदार म्हणत होता, "माह्या बापानं इथं दगड गाडला हाये, खंदून पाहा." खणलं. दगड निघाला नाही. दोन वेळा खुणा तपासल्या, तेव्हा अर्जदारच हातभर पलीकडे सरकला असल्याचं निघालं. माणूस थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मशीन बिघडली असन." त्या दोन तासांतून वेचून वेचून किती कापूस निघतो, असं मी त्याला विचारलं होतं. त्याचं उत्तर: "कापसाची गोठ नाही, साहेब."

कापसाची गोठ नसते हे मलाही कळतं. पण मोजणी उलटही निघू शकते एवढं धरून अर्ज करावा.

तुमच्या ताब्यातली जमीन कोणी जबरदस्तीनं घेतली असेल तर सहा महिन्यांच्या आत दावा टाकला की मालकी सिद्ध न करताही, फक्त आधीचा ताबा दाखवून, ती परत मागता येते. सहा महिने गेले की मालकीचे सगळे कागद काढून लांबचा दावा लढावा लागतो.

वावरात जायचा रस्ता अडवला आहे. अर्ज कुठे?

तहसीलदाराकडे. इथे दोन वेगळे कायदे आहेत, आणि अर्ज लिहिणारेही त्यांची गल्लत करतात. पूर्वीपासून वहिवाटीत असलेली वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. त्याची मुदत सहा महिने, अडवल्याच्या तारखेपासून. वाटच नाही आणि दुसऱ्याच्या धुऱ्यावरून नवीन मागायची आहे, तर जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४३. कलम १४३ च्या निकालानं जो नाराज असेल त्याला एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो.

मुदतीकडे लक्ष ठेवा. पेरणीच्या तोंडावर वाट अडते, माणूस कोणाच्या तरी हातापाया पडून औत नेतो, "पोळा झाल्यावर पाहू" म्हणतो, मग सोयाबीन, मग कापूस, मग लग्नसराई. अर्ज घेऊन तहसीलला पोचतो तेव्हा सहा महिने उलटलेले असतात.

अजून एक. वाट किंवा पाणी जुनं असेल तर गावाचं निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज काढून बघा. कोणाच्या वावरातून वाट, कोणत्या तलावातून कोणाला पाणी, मासे कोणी धरायचे, अशा गावच्या जुन्या रिवाजांची नोंद त्यात असते. जमीन महसूल अधिनियमातली ही कलमं विदर्भापुरतीच आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मामा तलावांच्या (जुन्या मालगुजारी तलावांच्या) पाण्यावरून भांडणं होतात, तिथे तर हा कागद आधी बघावा. पुण्या-मुंबईकडच्या जाणकाराला हे शब्द ठाऊक नसले तर नवल नाही.

सातबारा माझ्या नावावर आहे, म्हणजे जमीन माझीच ना?

सातबारा महसुलाचा कागद आहे. त्यातली नोंद खरी असं धरून चालतात, पण उलट पुरावा आला की ती कोसळते. मालकी खरेदीखतानं, वारसानं, वाटणीनं येते. फेरफार चुकीचा वाटला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील. मूळ मालकीचाच वाद असेल तर दिवाणी कोर्ट. पटवारी (कागदावर आता ग्राम महसूल अधिकारी) मालकी ठरवत नाही, हे त्यालाही माहीत असतं. गावाला माहीत नसतं.

तालुक्याच्या कोर्टात किती रकमेपर्यंतचा दावा चालतो?

दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे पाच लाखांपर्यंत. त्यावरचा वरिष्ठ स्तराकडे. "माझं वावर तर तीस लाखांचं, मग मला जिल्ह्याला जावं लागेल का?" असं विचारतात. बहुतेक वेळा नाही. शेतजमिनीचं मूल्य दाव्यासाठी बाजारभावानं धरत नाहीत, सातबाऱ्यावरच्या आकाराच्या ठरावीक पटीत धरतात. आकार असतो काही रुपये. त्यामुळे लाखोंचं वावर कागदावर काही हजारांचं होतं, तालुक्यातच बसतं आणि कोर्ट फीही त्याच हिशेबानं लागते.

हातउसने दिले होते. चिठ्ठी आहे, पण तो आज देतो उद्या देतो करतो. किती थांबावं?

तीन वर्षांच्या आत दावा टाका. आणि ही तीन वर्षं पैसे *दिल्याच्या* तारखेपासून मोजतात. "मागशील तेव्हा देईन" असं ठरलं असलं तरी मागितल्याची तारीख धरत नाहीत. परतीची तारीख लिहिली असेल तर त्या तारखेपासून. मुदत संपायच्या आत त्यानं "इतके देणं आहे" असं सहीनिशी लिहून दिलं तर तिथून पुन्हा तीन वर्षं मिळतात. नुसतं तोंडी "देतो ना बापा" म्हटल्यानं एक दिवसही वाढत नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या स्टॅम्पचे दिवस गेले, आता पाचशेचा लागतो. म्हणून लोक वहीच्या पानावर लिहितात. स्टॅम्पमध्ये कमी पडलेला कागद पुढे पुराव्यात अडतो, काही बाबतीत दंड भरूनही चालत नाही. रक्कम मोठी असेल तर पैसे बँकेतून द्या. पासबुकावरची ओळ नाकारता येत नाही.

चेक परतला असेल तर मार्ग वेगळा. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर त्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात फौजदारी तक्रार. यातली एकेक तारीख डोळ्यांत तेल घालून पाळावी लागते.

सावकार कोर्टाची धमकी देतो. खरंच करू शकतो का?

परवाना नसेल तर त्याचा दावा टिकत नाही. २०१४ चा महाराष्ट्र सावकारी अधिनियम तसं सांगतो. मुद्दलापेक्षा जास्त व्याज परवानाधारकालाही वसूल करता येत नाही. कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर कोर्टाआधी जिल्हा उपनिबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याकडे, अर्ज करा. अवैध सावकारीत गेलेली जमीन परत देण्याचा हुकूम ते करू शकतात.

वावर मक्त्यानं (ठरावीक पैशांवर कसायला) दिलं होतं. आता तो सोडत नाही आणि "मी कूळ आहे" म्हणतो.

हा विदर्भातला जुना घोळ. कूळ लागेल या भीतीनं मालक मक्त्याची चिठ्ठीच करत नाही. चिठ्ठी नाही म्हणून मक्तेदार काहीही म्हणू शकतो. तुम्ही ताब्याचा दावा टाकला आणि त्यानं कुळाचा मुद्दा घेतला की दिवाणी कोर्टाला तो मुद्दा स्वतः ठरवता येत नाही. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे. त्याप्रमाणे तेवढा प्रश्न तहसीलदाराकडे जातो आणि तिकडून उत्तर येईपर्यंत दावा थांबतो. तिकडे अपील झालं तर आणखी थांबतो. एका हंगामाच्या मक्त्यापायी मालकाची चपलांची तीन जोडी झिजलेली मी बघितली आहेत. माझं मत विचाराल तर लेखी करावं: किती एकर, कोणता हंगाम, किती पैसे, कधी सोडायचं. न लिहिण्यात मालकाचं रक्षण होतं हा समज मला कधीच पटला नाही. बटईलाही, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दिलेल्या वावरालाही, तेच.

समन्स घेतलंच नाही तर केस चालत नाही ना?

चालते. माझी अर्धी नोकरी हेच सांगण्यात गेली.

गावात शिरलो की खबर माझ्याआधी पोचायची. दारात चपला, चुलीवर तवा तापलेला, आणि आतून आवाज: "ते गावाले गेले." कोठ्यात बैलामागे कोणीतरी खोकतंय. मी तिथेच बाजेवर बसून अहवाल लिहायचो. बजावणीचे नियम सोपे आहेत. माणूस नसेल आणि लवकर सापडायची चिन्हं नसतील तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरातल्या सज्ञान माणसाकडे समन्स देता येतं, बाई असो की पुरुष. सालगडी घरातला माणूस धरत नाहीत. कोणी घ्यायला नकार दिला तर दाराला डकवायचं, वेळ आणि जागा लिहायची, ज्यांनी घर दाखवलं त्यांची नावं टाकायची. त्या अहवालावर कोर्टाची खात्री झाली की समन्स बजावलं गेलं.

मग तारखेला पुकारा होतो, प्रतिवादी हजर नाही, आणि दावा एकतर्फी. समोरचा जे सांगेल तेच कोर्टासमोर राहतं. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायला ३० दिवस असतात, आणि कारण पटवावं लागतं. "मी कोठ्यात होतो" हे कारण नाही.

समन्स घ्या, सही करा. सही केल्यानं दावा कबूल होत नाही. त्याबरोबर दाव्याची प्रत येते, ती वकिलाला वाचायला द्या. कैफियत, म्हणजे तुमचं लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायचं. कारण दाखवलं तर ९० दिवसांपर्यंत.

"निशाणी पाच" म्हणजे काय? वकील सारखं तेच म्हणतात.

दाव्यासोबत दिलेला तात्पुरत्या मनाईचा अर्ज. आपल्या कोर्टांत तो बहुधा पाचव्या क्रमांकाला लागतो, म्हणून नावच पडलं. शेजारी उद्याच नांगर घालणार असेल तर दाव्याच्या निकालापर्यंत थांबता येत नाही. तेव्हा कोर्ट तूर्तातूर्त मनाई देऊ शकतं किंवा "जैसे थे" ठेवायला सांगतं. कोर्ट तीन गोष्टी बघतं: वरकरणी तुमची बाजू खरी वाटते का, मनाई न दिल्यानं कोणाला जास्त त्रास, आणि नुकसान नंतर पैशानं भरून निघेल का. खरी लढाई पुष्कळदा इथेच होते. निशाणी पाच जिंकणारा पुढे सैल पडतो आणि हरणारा तडजोडीला येतो.

आपल्याविरुद्ध कोणी असा अर्ज टाकेल अशी कुणकुण लागली तर आधीच कॅव्हेट टाका. ९० दिवस तुम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम होत नाही.

तंटामुक्त समितीसमोर मिटलं. तेवढं पुरे का?

मनं जुळली असतील तर पुरे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना. पहिली काही वर्षं बक्षिसापायी का होईना, गावं खरंच हलली. पण समितीच्या कागदाला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ नाही. सहा महिन्यांनी एक जण फिरला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मिटलेली गोष्ट लोकअदालतीत नोंदवून घ्या. दावा चालू नसला तरी दाखलपूर्व प्रकरण म्हणून ती ठेवता येते.

लोकअदालतीची नोटीस आली. गेलो तर फसेन का?

पटलं नाही तर सही करू नका, एवढंच. बळजबरी नाही. सही केली की मात्र तो निवाडा हुकूमनाम्यासारखा, आणि त्यावर अपील नाही. चालू दाव्यात तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. घरपट्टी, पाणीपट्टी, बँकेचं थकीत, विजेचं बिल यांच्या नोटिसाही येतात; लोक त्यांनाच समन्स समजून घाबरतात. बँकेच्या प्रकरणात तर जरूर जावं. त्या दिवशी अधिकारी जेवढं सोडतो तेवढं एरवी खिडकीवर सोडत नाही.

वकिलाची फी परवडत नाही.

प्रत्येक तालुका कोर्टात विधी सेवा समिती आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना वर्षाच्या तीन लाखांच्या उत्पन्नापर्यंत. साधा अर्ज, फोन करायचा तर १५१००. फुकटचा वकील काम करत नाही असं गावात म्हणतात. काही करत नाहीत, काही पैसेवाल्यांपेक्षा चांगलं करतात. पैसे देऊन केलेल्या वकिलांचंही हेच आहे.

बापाच्या जमिनीची वाटणी. बहिणींनाही समन्स का काढलं?

कारण त्यांचाही हिस्सा आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाएवढा हक्क दिला, आणि ९ सप्टेंबर २००५ ला बाप जिवंत असलाच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. बहिणीला वगळून टाकलेला वाटणीचा दावा लंगडा पडतो. समन्स घेऊन गेलो की कितीतरी बायांना तेव्हाच कळायचं, माहेरच्या सातबाऱ्यावर आपलं नाव आहे.

कोर्ट फक्त हिस्से ठरवतं. वावरात प्रत्यक्ष रेघ मारायला हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि तिथून तहसील, भूमी अभिलेख असा उतरतो. सगळ्यांचं जमत असेल तर कोर्टात न येता जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडेच वाटणी करून घ्या. ते सगळ्यात स्वस्त.

हरलो तर?

३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील. नंतर दुसरं अपील नागपूर खंडपीठात, तेही कायद्याच्या मोठ्या प्रश्नावरच. पैशाचा दावा २५ हजारांपर्यंतचा असेल तर दुसरं अपील नाही.

जिंकलो. पण तो पैसे देत नाही.

आता दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, टाकायची. पैशाच्या हुकूमनाम्याला बारा वर्षं मुदत आहे, पण बारा वर्षांत माणूस सगळं बायकोच्या नावावर करतो, तेव्हा उशीर नको. देणेकऱ्याकडे काय आहे हे तुम्हीच शोधून द्यायचं असतं. कोर्ट शोधत बसत नाही.

जप्तीला जाताना दावेदार बरोबर असतो, वस्तू तोच दाखवतो. एकदा अडतीस हजारांचं वॉरंट होतं. दावेदार अंगणात शिरल्या शिरल्या म्हणाला, "हे बैल सोडा." मी म्हटलं, बैल नाही. शेतकऱ्याच्या पोटापाण्याचे बैल, शेतीची अवजारं, बियाणं यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे हात लावता येत नाही. तो राहतो ते घर नाही. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, अंगावरचे कपडे, बाईचं मंगळसूत्र, काही नाही. "मंग काय त्याची हवा जप्त करतो काय?" पडवीत मोटारसायकल उभी होती, नवी, सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. ती पंचनाम्यात घेतली. देणेकऱ्याचा पोरगा इतका वेळ गप्प होता, तो गाडीचं नाव निघताच आत गेला आणि बापाशी काहीतरी बोलला. पुढच्या तारखेला निम्मे पैसे जमा झाले, उरलेल्याचे हप्ते पडले.

सूर्य मावळल्यावर आणि उगवायच्या आधी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. अशा वेळी कोणी "कोर्टाचा माणूस" म्हणून आला तर त्याला ओटा दाखवा आणि सकाळी ये म्हणा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक होत नाही, आणि दोन हजारांपर्यंतच्या रकमेसाठी कोणालाच तुरुंगात ठेवत नाहीत.

तारखेला जाताना काय न्यावं?

तुमच्या केसचा सीएनआर क्रमांक, सोळा अंक-अक्षरांचा, एमएच पासून सुरू होणारा. तो ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. अर्ध्या खेपा वाचतात. मूळ कागद घरी ठेवा, झेरॉक्स न्या, वकील सांगेल त्या दिवशीच मूळ न्या. मोबाईल आत जायच्या आधी बंद करा. आणि पुकारा होतो तेव्हा चहाला गेलेले नसा: शिपाई नाव घेतो तेव्हा तो गावाकडच्या उच्चारात घेईलच असं नाही, म्हणून आधीच्या नावाला दारापाशी येऊन उभं राहावं.